छोट्या संकेतस्थळासाठी लाँग टेल कीवर्ड कसे शोधावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे : देवगड तालुक्यात स्वतःची हापूसची बाग आहे, मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठवण्यासाठी संकेतस्थळ तयार केले आहे, पण ‘हापूस आंबा’ किंवा ‘देवगड हापूस ऑनलाइन’ असे शोधल्यावर ते गूगलच्या पहिल्या काही पानांत कुठेच दिसत नाही. लाँग टेल कीवर्डवर (कीवर्ड म्हणजे लोक शोधपट्टीत टाइप करतात ते शब्द) काम करावे असा सल्ला मिळाला आहे. ते नेमके शोधायचे कसे, त्यासाठी दरमहा पैसे भरून एखादे साधन घ्यावे का, आणि मराठीत लिहिण्याचा काही उपयोग होतो का?

तीनही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी माझे मत सांगतो. साधन आत्ता घेऊ नका. मराठीत अवश्य लिहा. आणि कीवर्ड शोधण्याची सुरुवात कोणत्याही साधनापासून न करता, मागच्या हंगामांत ग्राहकांनी तुम्हाला फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न विचारले त्यांच्यापासून करा. साधने त्यानंतर येतात, आणि मराठीपुरते बोलायचे तर त्यांचा उपयोग शोधण्यापेक्षा पडताळण्यासाठी अधिक होतो.

लाँग टेल म्हणजे चार-पाच शब्दांचा लांबलचक कीवर्ड, असा समज सर्वत्र आहे आणि तो अपुरा आहे. ही कल्पना 2004 साली क्रिस अँडरसन यांच्या ‘वायर्ड’ मासिकातील लेखामुळे लोकांपर्यंत पोचली, आणि तिचा संबंध लांबीशी नसून मागणीशी होता : मोजक्या वस्तूंना प्रचंड मागणी असते, पण ज्यांना प्रत्येकी अगदी थोडी मागणी असते अशा असंख्य वस्तूंची बेरीजही मोठी भरते. शोधाच्या बाबतीतही तेच घडते. ज्या प्रश्नाला महिन्याला दहा-वीसच लोक विचारतात तो लाँग टेल, मग तो दोन शब्दांचा असला तरी चालेल. मराठीत तर शब्द मोजणे विशेष फसवे ठरते, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘आंब्यातला साका’ हे दोनच शब्द आहेत, पण विचारणाऱ्याची गरज अत्यंत नेमकी आहे. उलट ‘हापूस आंबा’ असे टाइप करणारा माणूस निबंध लिहिणारा विद्यार्थी असेल, आजचा बाजारभाव पाहणारा व्यापारी असेल, चित्र शोधणारा असेल किंवा खरोखर पेटी घेणारा असेल; गूगललाही ते कळत नाही, म्हणून तिथे विश्वकोश, वृत्तपत्रे आणि मोठी विक्री-संकेतस्थळे यांची सरमिसळ दिसते. त्या गर्दीत नव्या संकेतस्थळाला जागा मिळायला वर्षे लागतील आणि मिळाली तरी येणाऱ्यांपैकी थोडेच तुमचे ग्राहक असतील.

साधनांवर माझा भरवसा कमी का, हेही सांगायला हवे. गूगलने वर्षानुवर्षे सांगितले आहे की रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध असे असतात की जे त्यांच्याकडे पूर्वी कधीच आलेले नसतात. मागील नोंदींच्या यादीवर चालणारे कोणतेही साधन हे शोध दाखवू शकत नाही. कीवर्ड प्लॅनर हे गूगलचे स्वतःचे साधन असले तरी ते जाहिरातदारांसाठी बनवलेले आहे. 2016 पासून जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्यांना ते नेमका आकडा न देता ‘100 ते 1 हजार’ असा ढोबळ पट्टा दाखवते, आणि जवळजवळ सारख्या वाटणाऱ्या शोधांना एकत्र करून एकच आकडा देते. इतर कंपन्यांच्या सशुल्क साधनांतील आकडे हे अंदाज असतात, आणि इंग्रजीच्या तुलनेत मराठीसाठी त्यांच्याकडे सामग्री फारच विरळ असते. त्यामुळे ज्या प्रश्नावर दर आठवड्याला तुम्हाला फोन येतो, त्याच्यासमोर साधनात शून्य लिहिलेले दिसेल. तो शून्य ‘आमच्याकडे नोंद नाही’ एवढेच सांगतो. तो पाहून चांगला विषय सोडून देणारे अनेक जण मला भेटतात, आणि मराठी संकेतस्थळांचे सर्वांत मोठे नुकसान त्यातच होते असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. व्हॉट्सॲपवरील मागच्या हंगामांच्या संभाषणांतून ग्राहकांचे प्रश्न एका तक्त्यात उतरवून काढा, आणि ते उतरवताना भाषा सुधारू नका. ग्राहकाने ‘पेटी आली पण सगळे आंबे हिरवेच आहेत, पिकतील ना’ असे लिहिले असेल तर तसेच ठेवा. शेजारच्या रकान्यात तो कोणत्या गावचा आणि कोणत्या टप्प्यावरचा, म्हणजे अजून चौकशी करणारा, ऑर्डर दिलेला की पेटी हाती आलेला, याची नोंद करा. फोनवर येणाऱ्या प्रश्नांसाठी घरातील जो कोणी फोन घेतो त्याच्याजवळ वही ठेवा. या तक्त्यात लवकरच एक गोष्ट लक्षात येईल, आणि माझ्या मते या सगळ्या उत्तरातील सर्वांत उपयोगाची गोष्ट तीच आहे : बागायतदाराचे शब्द आणि ग्राहकाचे शब्द वेगळे असतात.

साक्याचेच उदाहरण घेऊ. हापूसच्या गरात कोयीजवळ जो पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग तयार होतो त्याला तुम्ही साका म्हणता, आणि तुमच्या दृष्टीने ‘साका’ हाच कीवर्ड आहे. पण पुण्यात पेटी उघडून आंबा कापणाऱ्या माणसाला हा शब्द बहुधा ठाऊकच नसतो. तो टाइप करतो : ‘आंबा आतून पांढरा का’, ‘हापूस आंबा बाहेरून चांगला आतून खराब’, ‘आंब्याच्या कोयीजवळ पांढरा भाग’. तुमच्या पानाचे शीर्षक ‘साका : कारणे व उपाय’ असे असेल तर ते शेतकऱ्यांना सापडेल, ग्राहकाला सापडणार नाही. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात ग्राहकाचे वर्णन हवे, आणि मग मजकुरात ‘याला कोकणात साका म्हणतात’ असे सांगून पुढची माहिती द्यावी. म्हणजे दोन्ही प्रकारचे शोध एकाच पानावर येतात. हेच ‘अढी’, म्हणजे आंबे पेंढ्यात रचून पिकवण्याची पद्धत, या शब्दाचे. ग्राहक ‘अढी कशी घालावी’ असे विचारत नाही, तो ‘कच्चे आंबे घरी कसे पिकवायचे’ किंवा ‘पेंढा नसेल तर आंबे कशात ठेवायचे’ असे विचारतो. तुम्ही फळाची प्रतवारी ग्रॅममध्ये करता, तो ‘एका पेटीत किती आंबे येतात’ आणि ‘एक डझन हापूसचे वजन किती’ असे शोधतो. प्रत्येक व्यवसायात अशी जोडी-जोडी तयार करता येते, आणि ती कोणतेही साधन तुम्हाला करून देणार नाही.

तक्ता तयार झाला की गूगलच्या शोधपट्टीत येणाऱ्या सूचनांकडे जा. या सूचना लोकांच्या प्रत्यक्ष शोधांवरून, भाषा आणि ठिकाण लक्षात घेऊन तयार होतात, म्हणून एखादे वाक्य तिथे दिसले तर ते खरोखर विचारले जाते एवढी खात्री मिळते. किती जण विचारतात ते मात्र कळत नाही. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या जुन्या शोधांचा प्रभाव कमी होईल. ‘हापूस आंबा’ लिहून पुढे एकेक अक्षर देत जा : क, ख, प, भ. नंतर कर्सर मागे नेऊन आधी ‘कसा’, ‘किती’, ‘कोणता’ असे शब्द लावून पाहा, कारण मागे नेल्यावर येणाऱ्या सूचना वेगळ्या असतात. निकालांच्या मधोमध येणारी संबंधित प्रश्नांची चौकट उघडत गेल्यास तिच्यात आणखी प्रश्न वाढत जातात. तळाशी संबंधित शोधही दिसतात. हीच कृती यूट्यूबवरही करा, कारण ‘कसे करावे’ या प्रकारचे मराठी प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर तिथेच विचारले जातात आणि गूगलवर न दिसलेल्या सूचना तिथे मिळतात.

हे सर्व तीन रूपांत करावे लागते : देवनागरीत, रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठीत, आणि इंग्रजीत. मोबाइलवर मराठी बोलणारा ग्राहकही बऱ्याचदा रोमन अक्षरांतच टाइप करतो, आणि प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे असते. दुसरीकडे, 2017 साली गूगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आणल्यापासून पूर्ण वाक्यांचे देवनागरी शोध येण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. ‘हापूस आंबे फ्रीजमध्ये ठेवले तर चालतात का’ हे बोटांनी कुणी सहसा लिहीत नाही, पण बोलायला काहीच कष्ट नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचे प्रकारही तपासा : हापूस आणि हापुस दोन्ही चालतात. मात्र ही सगळी रूपे संशोधनासाठी आहेत, पानावर कोंबण्यासाठी नाहीत. एकच शब्द पाच स्पेलिंगांनी लिहिलेले पान वाचकाला अविश्वसनीय वाटते. शुद्ध मराठीत लिहावे, आणि रोमन रूपाची गरज वाटली तर पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) ते सहज येते.

देवनागरीची एक तांत्रिक अडचण इथेच सांगून ठेवतो. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधा-बदला करताना किंवा तक्त्यात मोजताना एक सापडते आणि दुसरे सुटते. ‘शेतकऱ्यांकडून थेट आंबा’ अशा शोधांची छाननी करताना आकडे जुळत नसतील तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी जोडाक्षराच्या आधीचा भाग, म्हणजे ‘शेतक’, एवढाच शोधावा.

तिसरा स्रोत म्हणजे गूगल सर्च कन्सोल, ही संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते हे त्याच्या मालकाला दाखवणारी गूगलचीच सेवा, आणि हा स्रोत तुमच्याकडे आजच, विनामूल्य उपलब्ध आहे. संकेतस्थळ तिथे जोडलेले नसेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी जोडा, कारण जोडण्यापूर्वीचा फारसा काही तपशील नंतर मिळत नाही. तिथल्या परफॉर्मन्स अहवालात लोकांनी काय शोधल्यावर तुमचे पान दिसले, किती वेळा दिसले, किती क्लिक झाले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होते हे कळते. पण त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त 1000 ओळी दिसतात, आणि जे शोध फारच थोड्या लोकांनी केले ते खासगीपणाच्या कारणाने गूगल यादीत दाखवतच नाही. म्हणजे लाँग टेलचा सर्वांत नेमका भाग झाकलेलाच राहतो. तरीही जे दिसते ते अमूल्य आहे. संपूर्ण संकेतस्थळाची यादी पाहण्याऐवजी एकेक पान निवडून त्याचे शोध पाहिले, तर हजार ओळींच्या मर्यादेत जास्त मजकूर बसतो.

2021 पासून या अहवालात रेजेक्सचा, म्हणजे एकाच नमुन्याने अनेक शब्द शोधण्याच्या पद्धतीचा, वापर करता येतो. त्या चौकटीत ‘कसे|कसा|कशी|कधी|किती|कुठे|फरक|भाव’ असे लिहिले की यांपैकी कोणताही शब्द असलेले सर्व शोध एकत्र मिळतात. ‘का’ हा प्रश्नार्थक शब्द यात घालू नका, कारण तो ‘साका’ आणि ‘काजू’ यांच्या पोटातही सापडतो. आणि इंग्रजीत शब्दाची सीमा दाखवण्यासाठी जे चिन्ह वापरतात ते गूगलच्या या रेजेक्समध्ये देवनागरीसाठी चालत नाही. शोधावर गाळणी लावल्यावर एकूण क्लिक अचानक कमी दिसतात, त्याने घाबरू नये. लपवलेले शोध त्या बेरजेतून वगळले गेलेले असतात. मी या यादीत सर्वप्रथम पाहतो ते असे शोध की ज्यांवर पान आठव्या ते तिसाव्या क्रमांकाच्या आसपास दिसते आहे, पण त्या पानावर त्या प्रश्नाचे नीट उत्तरच लिहिलेले नाही. तुमच्या किमतीच्या पानावर ‘हापूस आंबा किती दिवस टिकतो’ हा शोध येत असेल, तर गूगल तुम्हाला सांगतेच आहे की या विषयावर तुमचा विचार करायला ते तयार आहे. त्या विषयावर स्वतंत्र पान लिहिणे हे कोणत्याही नव्या शोधमोहिमेपेक्षा लवकर फळते.

सर्च कन्सोल 16 महिन्यांचीच माहिती ठेवते. आंब्यासारख्या हंगामी मालाच्या बाबतीत याचा अर्थ असा की दोन हंगामांची तुलना जेमतेम करता येते, तिसऱ्यासाठी जुनी माहिती शिल्लक नसते. म्हणून दरवर्षी जूनच्या अखेरीस संपूर्ण अहवाल उतरवून ठेवा.

हंगामाबद्दल आणखी थोडे. गूगल ट्रेंड्स प्रत्यक्ष संख्या न देता 0 ते 100 असा सापेक्ष निर्देशांक देते, आणि नेमक्या मराठी वाक्यांसाठी तिथे पुरेशी माहिती नसल्याचेच दिसेल. परंतु ‘हापूस’ एवढा एकच शब्द आणि महाराष्ट्र हे ठिकाण निवडून गेल्या पाच वर्षांचा आलेख पाहिला तर मागणी केव्हा चढू लागते हे स्पष्ट कळते. पाने त्याच्या दोन-तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीपर्यंत तयार असायला हवीत. हंगामातही प्रश्न बदलत जातात. सुरुवातीला पेटीचा भाव आणि ‘पहिला आंबा कधी येणार’, गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात घरपोच पोचवण्याबद्दलच्या चौकशा, मे महिन्यात आमरस साठवणे आणि आंबे टिकवणे, आणि पावसाच्या तोंडावर ‘हापूसची कोय लावली तर झाड येते का’. शेवटचा प्रश्न विचारणारा लगेच पेटी घेणार नाही, पण तो तुमचे नाव पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवतो, आणि त्याचे उत्तर तुमच्याइतके अधिकाराने थोडेच जण देऊ शकतात. भावाचे पान दरवर्षी नवे करू नका. पत्त्यात साल न घालता एकच कायमचे पान ठेवा आणि त्यावरचा भाव व तारीख बदलत राहा.

यानंतर तक्त्यात शे-दोनशे वाक्ये जमलेली असतील. इथे फार जण चुकीच्या वाटेला जातात : प्रत्येक वाक्यासाठी एक पान. ते करू नये. 2019 मध्ये गूगलने बर्ट ही भाषा समजणारी प्रणाली शोधात आणली, प्रथम इंग्रजीसाठी आणि त्याच वर्षअखेरीस इतर अनेक भाषांसाठी, आणि तेव्हापासून शब्दरचना निराळी असली तरी अर्थ सारखा आहे हे ओळखण्याची त्याची क्षमता वाढतच गेली आहे. दोन वाक्ये एका पानावर घ्यावीत की वेगळी, हे ठरवण्याची साधी कसोटी अशी की दोन्ही स्वतंत्रपणे गूगलवर शोधून पाहावीत. पहिल्या पानावरचे निकाल बहुतांशी तेच असतील तर तुमचेही एकच पान पुरे, ते वेगळे असतील तर गरजाही वेगळ्या आहेत. ‘आंबे पिकायला किती दिवस लागतात’ आणि ‘हिरवे आंबे कधी पिकतील’ ही एकाच पानाची वाक्ये आहेत. ‘देवगड आणि रत्नागिरी हापूस यांतील फरक’ आणि ‘कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकतात तो कसा ओळखावा’ ही मात्र दोन पाने होत, जरी दोन्हींत तुलनाच असली तरी. पहिल्या प्रश्नाचा माणूस निवड करतो आहे, दुसऱ्याचा फसवणुकीला घाबरला आहे. त्या दुसऱ्या पानावर 2018 मध्ये कोकणातील सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती द्या, तुमच्याकडे त्याची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचे छायाचित्र लावा, आणि दोन्ही आंबे कापून शेजारी ठेवून दाखवा.

शहरांच्या नावांचा मोह विशेष टाळावा. ‘पुण्यात हापूस आंबा’, ‘ठाण्यात हापूस आंबा’, ‘नाशिकमध्ये हापूस आंबा’ अशी केवळ नाव बदललेली वीस पाने बनवून देणारे लोक तुम्हाला भेटतील. गूगलच्या नियमांत अशा पानांना स्पष्ट मनाई आहे, आणि मार्च 2024 मध्ये मोठ्या प्रमाणावर निर्माण केलेल्या निःसत्त्व मजकुराविरुद्धचे धोरण अधिक कडक झाले आहे. पुण्यासाठी खरोखर सांगण्यासारखे वेगळे काही असेल, जसे की गाडी कोणत्या वारी निघते, पेटी कुठे उतरते, घरपोच कोणत्या भागांत मिळते, तरच पुण्याचे पान लिहा.

उरलेल्या गटांतून आधी कोणते निवडावेत हे ठरवताना मी दोन गोष्टी तपासतो. विचारणारा आज किंवा पुढच्या हंगामात ग्राहक होऊ शकतो का, आणि या प्रश्नाचे उत्तर बागायतदार म्हणून तुम्हाला स्वतःच्या अनुभवातून देता येते का. ‘कार्बाइडने पिकवलेला आंबा कसा ओळखावा’ हा शोध भरपूर होतो, कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यावर कायद्याने बंदीही आहे, पण तिथे वृत्तसंकेतस्थळांची रांग लागलेली आहे. त्याऐवजी ‘नैसर्गिक पिकवलेला हापूस एकसारखा पिवळा का नसतो’ हा लहान प्रश्न घ्या. त्यावर तुमच्या अढीची छायाचित्रे लावली की तुमच्या उत्तराशी स्पर्धा करणे कठीण होते. ऑगस्ट 2024 पासून भारतातही गूगल काही शोधांवर सर्वांत वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर दाखवू लागले आहे, त्यामुळे एका ओळीत संपणाऱ्या प्रश्नांचे क्लिक कमी होणार हे धरून चाला. ज्याचे उत्तर पाहून, तुलना करून आणि भाव विचारूनच पूर्ण होते, असे प्रश्न आधी निवडा.

कधीकधी ज्याला माल विकता येत नाही त्याचाही प्रश्न घ्यावा. ‘अमेरिकेत मुलाला हापूस पाठवायचा आहे’ अशा अर्थाचे शोध मराठीत होतात, आणि तुम्हालाही असे फोन येत असतील. 2007 पासून भारतीय आंबा अमेरिकेत जातो, पण विकिरण प्रक्रिया आणि ठरलेली तपासणी झाल्यावरच. लासलगाव आणि वाशी येथे त्यासाठीची केंद्रे आहेत. घरून कुरिअरने पेटी पाठवणे हा मार्ग नाही. हे स्पष्ट सांगणारे, आणि तिथल्या परवानाधारक आयातदारांकडे आगाऊ नोंदणी करण्याचा सल्ला देणारे पान लिहिले, तर मुलासाठी चौकशी करणारे आईवडील स्वतःसाठी पेटी कुठून मागवतात हे तुम्हाला लवकरच दिसेल.

पान तयार झाल्यावर ग्राहकाचे वाक्य शीर्षकात, वरच्या मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात एकदा यावे. त्यापलीकडे ते मोजत बसण्याची गरज नाही. निकालासाठी तीन-चार महिने द्या, आणि एकट्या वाक्याचा क्रमांक न पाहता त्या पानावर एकूण किती वेगवेगळ्या शोधांतून लोक आले ते पाहा, कारण चांगले पान तुम्ही न योजलेल्या अनेक प्रश्नांवरही दिसू लागते.

सशुल्क साधनाचा विचार इंग्रजी पाने सुरू कराल आणि देशभरातील विक्रेत्यांशी तुलना करायची वेळ येईल तेव्हा करावा. तिथे त्यांच्याकडे पुरेशी सामग्री आहे आणि महिनाभराची वर्गणीही पुरते. तोपर्यंत तेच पैसे एखाद्या चांगल्या छायाचित्रकाराला द्या आणि येत्या हंगामात अढीतील आंबा रोज कसा रंग बदलतो, साका आतून कसा दिसतो, आणि तुमची पेटी भरताना फळे कशी रचली जातात, एवढ्या तीन गोष्टींची छायाचित्रे काढून घ्या.